पाणी स्वच्छ येईपर्यंत

सकाळी उठल्यावर आमच्या सिवास शहरात लोक आधी देवाचं नाव घेतात आणि मग रात्रीत किती बर्फ पडला ते खिडकीतून बघतात. पेरीहान देवाचं नाव घेई आणि थेट स्वयंपाकघरात जाऊन, सगळं घर गरम ठेवणाऱ्या बॉयलरच्या दाबाचा काटा बघे. काटा हिरव्या पट्ट्यात असला की ती चहाचं आधण ठेवी. खाली घसरलेला असला की बाहेरचं दार लागलेलं आहे ना ते बघून येई, बॉयलरच्या पोटाखालची तोटी हळूच पिळून आत पाणी सोडी, काटा वर आला की तोटी बंद करी, आणि मग काही झालंच नाही अशा चेहऱ्याने पाव कापायला घेई. ही चोरी तिच्या स्वतःच्याच घरात, स्वतःच्याच बॉयलरपाशी चालली होती.

चोरीचं कारण बुर्साला होतं. तिचा मुलगा तुंजाय तिथे गाड्यांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात काम करी. गेल्या हिवाळ्यात बॉयलरमधलं पाणी कमी होऊन तो बंद पडला, तेव्हा पेरीहानने कुणाला सांगितलं नाही. दुरुस्तीवाल्या उस्ताला तेवढं बोलावलं. तो ‘उद्या येतो’ म्हणाला. उस्ताचा उद्या केवढा लांब असतो हे ज्याने वाट बघितली त्यालाच ठाऊक. ती कोट घालून, डोक्याला लोकरीची शाल गुंडाळून बसून राहिली. तुंजायने फोन केला तर त्याला आईच्या बोलण्यापेक्षा तिचे दातच जास्त ऐकू आले. मग छातीत कफ झाला, मग इस्पितळ झालं, तुंजाय रजा टाकून धावत आला. तिला घरी आणताना जिन्यातच तो म्हणाला होता, “आई, हा बॉयलर पुन्हा एकदा बंद पडला तर मी तुला बुर्साला घेऊन जाणार. मग नाटकं चालणार नाहीत.”

“पडला तर ने,” ती म्हणाली होती. उचलली जीभ लावली टाळ्याला! दिलेला शब्द मोडणाऱ्यांपैकी ती नव्हती, आणि पंचाईत तीच होती.

बुर्साबद्दल तिची तक्रार नव्हती. सून गुल्तेन तोंडाने गोड आणि मनानेही बरी. पण त्या घरात कपडे यंत्र धुई, भांडी यंत्र घाशी, आणि पेरीहानला सोफ्यावर बसवून तिच्या हातात टीव्हीचा रिमोट देत. सासूचा मान म्हणून देत, हे तिला कळे. पण दोन आठवडे असा मान घेतला की तिला आपण मेल्यासारखं वाटू लागे. शिवाय नवरा रिफ्की इथे, टेकडीवरच्या कब्रस्तानात होता. दर गुरुवारी ती त्याच्याकडे जाऊन प्रार्थना म्हणे आणि आठवडाभराच्या बातम्या सांगे. त्याला बुर्साला कसं नेणार?

पेरीहानचं सगळं आयुष्य इस्पितळाच्या धुलाईखान्यात गेलं होतं. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात ती तिथे लागली आणि गुडघे बोलायला लागेपर्यंत तिथेच राहिली. रक्ताच्या चादरी, पुवाचे टॉवेल, बाळंतिणींचे कपडे, सगळं तिच्या हाताखालून गेलं. तिचा नियम एकच होता: पिळल्यावर पाणी स्वच्छ येईपर्यंत खळबळायचं. एकदा नवा अधिकारी आला. त्याला पाण्याची बचत करायची होती. दोन पाणी पुरेत, तिसरं नको, असा त्याने हुकूम काढला. दोन पाण्यांत खळबळलेली एक चादर तिने चहाच्या पेल्यात पिळली, तो पेला बशीत ठेवून त्याच्या टेबलावर नेऊन ठेवला आणि म्हणाली, “घ्या साहेब. स्वच्छ आहे ना? मग प्या.” तिसरं पाणी त्याच दिवशी परत सुरू झालं. धुलाईखान्यातल्या बायकांनी तो पेला पुढे कितीतरी वर्षं फळीवर जपून ठेवला होता.

अशा बाईचं घर कसं असेल ते सांगायला नको. तिच्याकडे आलेला पाहुणा दारात बूट काढी आणि मोजेही काढावेत की काय अशा विचारात पडे. शुक्रवार हा मोठ्या सफाईचा दिवस. दुपारच्या अजानच्या आत पडदे झटकून, काचा पुसून, फरशी घासून, गालिचे बाल्कनीत बडवून सगळं व्हायलाच हवं. खोल्या गरम ठेवणारे भिंतीवरचे लोखंडी रेडिएटरसुद्धा ती धुवी, बाहेरून आणि आतूनही. बारकी किल्ली घेऊन खोल्याखोल्यांतून फिरे, प्रत्येक रेडिएटरच्या कडेचा छोटा स्क्रू सैल करी आणि त्याखाली तसराळं धरी. आधी हवा फुसफुसे, मग काळंकुट्ट पाणी येई. ते जरा उजळेपर्यंत ती धार सोडून देई. चार खोल्यांचं काळं पाणी संडासात ओतलं की मग कुठे तिला वाटे, आता घर आतूनही स्वच्छ झालं.

आणि शनिवारी सकाळी बॉयलरचा काटा खाली आलेला असे.

तुम्ही म्हणाल, हे तिला कळू नये? नाही कळलं. तिच्या लेखी बॉयलर स्वयंपाकघरात होता आणि रेडिएटर खोल्यांत. एकाचं दुखणं वेगळं, दुसऱ्याची घाण वेगळी. बॉयलरमधून आंघोळीचं गरम पाणी येतं ते शहराच्या नळातून सतत नवं येत राहतं, तसंच रेडिएटरचंही येत असणार, अशी तिची समजूत होती. शहाणी माणसं याहून मोठ्या चुका याहून थोड्या कारणाने करतात.

उस्ता दुरसुन माणूस वाईट नव्हता. फक्त ‘मला माहीत नाही’ हे वाक्य त्याला उच्चारता येत नसे. पहिल्या खेपेला त्याने बॉयलरच्या टाकीतली हवा गेली म्हणून पंपाने हवा भरली. दुसऱ्या खेपेला एक झडप बदलली. तिसऱ्या खेपेला तो हॉलच्या मधोमध उभा राहिला, पायाने फरशी ठोकली आणि डॉक्टरने वाईट बातमी सांगावी तशा आवाजात म्हणाला, “मावशी, पाइप जमिनीखाली फुटलाय. फरशी फोडावी लागणार.”

“माझी फरशी?”

“बरं, मला एक सांगा, घरात कुठे पाणी गळतं का?”

“माझ्या घरात? पाणी? गळतं?” तिने अशा काही नजरेने बघितलं की उस्ताने हत्यारांची पेटी उचलली. निघताना मात्र तो खालच्या मजल्यावर हाजेरकडे छत ओलं झालंय का ते बघायला गेला, आणि घोटाळा झाला. हाजेर वर आली ती हातातलं लाटणं तसंच घेऊन.

“ताई, माझं छत खडखडीत कोरडं आहे. नवऱ्याला शिडीवर चढवून हात लावायला लावला मी! तुझं पाणी जातं कुठे? पितेस की काय?”

“हळू बोल. तुंजायला कळलं तर मला उचलून नेईल.”

“मी कशाला सांगू?”

“पावावर हात ठेव.”

हाजेरने ताज्या पावावर हात ठेवून शपथ घेतली. पण हाजेरच्या तोंडात तीळ भिजत नाही हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. त्यानंतरच्या एका शनिवारी काटा तळाला गेला, लाल दिवा लागला आणि बॉयलर खरंच बंद पडला. पेरीहानने पाणी भरून तो पुन्हा चालू केला, पण तोवर घर गार पडलं होतं आणि हाजेर ते बघून गेली होती. नेमका तेव्हाच तुंजायने हाजेरला फोन केला. तो अधूनमधून करी, आईची खुशाली आईकडून कधीच खरी कळत नाही म्हणून.

“हाजेरताई, आई बरी आहे ना?”

“अगदी मजेत आहे रे! थंडी तर मुळीच वाजत नाही तिला!”

थंडीचं नाव कुणी काढलं होतं? चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. गुरुवारी संध्याकाळी तुंजाय दिवसभर गाडी चालवून, डोळे लाल करून दारात उभा होता.

पेरीहानने त्याच्यासाठी दह्याचं सूप केलं, मसूर आणि गहू घालून, वर लोण्यात पुदिना तळून. पहिली वाटी त्याने बोलायच्या आत संपवली. दुसरी समोर आल्यावर त्याने चमचा खाली ठेवला.

“आई, बंद पडला होता का?”

नाही म्हणणं किती सोपं होतं! पुराव्याला फक्त हाजेर होती, आणि हाजेरवर विश्वास कोण ठेवतो? पण पेरीहानला ते जमलं नाही.

“पडला होता. गेल्या शनिवारी.”

“मग?”

“मग काय? शब्द दिलाय ना. येते मी. मात्र उद्या शुक्रवार आहे, घर धुतल्याशिवाय मी दाराला कुलूप लावणार नाही.”

तुंजायला वाटलं होतं भांडण होईल. त्याची त्याने वाटेत सगळी तयारी केली होती, काय बोलायचं ते अंकाराच्या पुढे दोनदा घोकलंही होतं. आई एवढ्या सहज हो म्हणाली तेव्हा घोकलेलं सगळं वाया गेलं, आणि दुसरी वाटी त्याला नीट गेली नाही.

शुक्रवारी सकाळी त्याने काटा बघितला. शनिवारी तिने घाईने पाणी भरलं तेव्हापासून तो निम्म्यावरच होता. तोटी फिरवून त्याने दाब व्यवस्थित दीडच्या आकड्यावर आणला, चहाचा पेला भरला आणि बॉयलरसमोर खुर्ची टाकून बसला. एवढी तीन-तीनदा दुरुस्ती होऊन पाणी जातं कुठे, हे जायच्या आधी एकदा बघावं असं त्याला वाटलं. आत पेरीहानची सफाई सुरू झाली. पडदे झाले, काचा झाल्या. तिचे हात नेहमीपेक्षा जोरात चालत होते, कारण ही या घराची शेवटची सफाई होती.

“आई! काटा हलला!”

“हलू दे. माझे हात ओले आहेत.”

“अगं, माझ्या डोळ्यांदेखत खाली आला! आता थांबला बघ.”

“थांबला ना? मग चहा पी.”

जरा वेळाने पुन्हा ओरडा झाला. “परत उतरतोय! आई, काहीतरी फुटलंय घरात!” पेला हातात धरून तो धावत हॉलमध्ये आला. पेरीहान खिडकीखाली गुडघ्यांवर बसली होती, आणि रेडिएटरच्या कडेतून तसराळ्यात काळी धार पडत होती.

“हे काय करतेस?”

“धुतेय.”

“काय धुतेस?”

“रेडिएटर. आतून. केवढं काळं आहे बघ! रोगराई नुसती.”

“हे तू... दर शुक्रवारी करतेस?”

“मग काय वर्षातून एकदा ईदला करू? सगळं घर घासायचं आणि ही घाण भिंतीला चिकटवून ठेवायची?”

तुंजाय पुढे झाला, किल्ली फिरवून त्याने स्क्रू बंद केला, पळत स्वयंपाकघरात जाऊन काटा बघितला आणि पळत परत आला. काटा थांबला होता. तो भिंतीला टेकून खाली बसला आणि हसायला लागला, इतका की त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा! उस्ताने तीन खेपा घातल्या, हाजेरचा नवरा शिडीवर चढला, फरशी फुटायची बाकी होती, आणि पाणी दर शुक्रवारी डोळ्यांसमोर संडासात जात होतं.

पेरीहानला हसू आलं नाही. वर्षभर ती ज्या चोराला शोधत होती तो चोर तीच होती, आपल्याच हाताने ती स्वतःला घराबाहेर काढत होती.

“उस्ताला का नाही सांगितलंस?” तुंजायने डोळे पुसत विचारलं.

“त्याने विचारलं कुठे? तो म्हणाला, गळतं का. हे काय गळतं? हे मी काढते.”

दुपारच्या नमाजानंतर तुंजायच्या बोलावण्यावरून दुरसुन उस्ता आला. तसराळ्यातलं पाणी बघून त्याने टोपी मागे सारली. “मावशी, हे पाणी काढायचं नसतं हो. तेच ते पाणी आत फिरत राहतं. हवा निघून गेली आणि पहिला थेंब आला की लगेच बंद.”

“आणि ही घाण?”

“असू द्यायची. तुम्ही हे काढता, मग बॉयलरमध्ये नवं पाणी भरता. नव्या पाण्याबरोबर हवा आत जाते, हवेने लोखंड गंजतं, आणि तोच गंज असा काळा होऊन येतो. जितकं धुवाल तितकं जास्त काळं येणार.”

जितकं धुवाल तितकं काळं येणार! पेरीहानला आयुष्यात एवढं वाईट कुणी बोललं नव्हतं.

“आणि तुम्ही माझी फरशी फोडायला निघाला होतात,” ती म्हणाली. उस्ताने चहा इतक्या घाईने प्यायला की त्याची जीभ भाजली, आणि तिला जरा बरं वाटलं.

उस्ता गेल्यावर तुंजाय म्हणाला, “मग? बॉयलर तर बिघडलाच नव्हता.”

“पळवाटा काढू नकोस. मी बिघडण्याचा शब्द दिला नव्हता, बंद पडण्याचा दिला होता. आणि तो पडला.”

“आता तूच माझ्या बाजूने भांडणार का? ठीक आहे, नवा शब्द. काटा मी परत दीडवर आणून ठेवतो. रविवारी सकाळी मला निघायचंय. तोवर काटा जागचा हलला नाही तर मी एकटा जाणार. हलला तर तू माझ्याबरोबर. किल्लीला हात लावायचा नाही.”

शनिवार पेरीहानने कसा काढला ते तिचं तिलाच माहीत. भिंतीच्या आत काळं पाणी फिरत होतं आणि ते तिला माहीत होतं. आजवर तिने एवढी घाण घरात कधी ठेवली नव्हती. निजायच्या खोलीतला रेडिएटर एकदा गुरगुरला तेव्हा तिचे हात शिवशिवले. ती उठून उभी राहिली, तुंजायने वर्तमानपत्रावरून बघितलं, ती परत बसली.

“बाबा हे करायचे ना गं?” त्याने विचारलं. “पहिला बर्फ पडायच्या आधी?”

“हो. ते काम त्यांचं. वर्षातून एकदा. ते किल्ली घेऊन पुढे आणि मी तसराळं घेऊन मागे. एवढ्या घरात तेवढंच एक काम मी त्यांना करू देत असे.”

“मग तू दर शुक्रवारी का करायला लागलीस?”

पेरीहानने मांडीवरच्या टॉवेलाची घडी मोडली आणि पुन्हा घातली.

“आठवण काय वर्षातून एकदाच येते का रे?”

तुंजायने वर्तमानपत्र समोर धरलं, पण पान उलटलं नाही. आई एकटी राहते म्हणून तो काळजी करी. आईला एकटं वाटतं म्हणून तिला काय करावंसं वाटतं, हे त्याने कधी विचारलंच नव्हतं. त्याला आपली लाज वाटली. थोड्या वेळाने उठून त्याने चहा केला, फार पातळ झाला, आणि पेरीहानने त्याला नाव न ठेवता तो संपवला.

रविवारी सकाळी दोघं एकाच वेळी स्वयंपाकघराच्या दारात आली. काटा दीडवर होता. जिथे ठेवला होता तिथेच, केसभरही खाली नाही. तुंजायने काचेवर बोटाने टकटक केली. काटा हलला नाही. पेरीहान पाव कापायला लागली, पण तुकडे कधी नव्हे ते वेडेवाकडे पडत होते.

तो निघाला तेव्हा गाडीच्या मागच्या भागात तिने चीज, लोणी, सुपासाठी वाळवलेल्या दह्या-पिठाची पिशवी आणि गुल्तेनसाठी विणलेले मोजे कोंबले. त्याने तिच्या हाताचं चुंबन घेतलं, तो हात कपाळाला लावला आणि गाडीत बसला. हाजेर बाल्कनीत उभी होती. शपथ मोडल्यापासून ती खाली उतरायचं धाडस करत नव्हती. इंजिन सुरू झालं. पेरीहान हात बाह्यांत घालून फुटपाथवर उभी राहिली. मुलगा एकटा निघालाय, आपण इथेच आहोत, हे तिच्या डोक्यात अजून शिरतच नव्हतं. गाडी काही हलेना.

तुंजायने काच खाली केली.

“आई, पाणी?”

आमच्याकडे प्रवासाला निघालेल्याच्या मागे पाणी ओततात, पाण्यासारखा जा, पाण्यासारखा परत ये, असं म्हणून. ते ओतायचं घरी मागे राहणाऱ्याने. तुंजायने आजवर ते कधी मागितलं नव्हतं. ‘जुन्या बायकांचे खुळे प्रकार’ म्हणून तो चटकन गाडी पळवायचा. आज तो इंजिन चालू ठेवून तिची वाट बघत होता.

पेरीहान गुडघ्यांची पर्वा न करता जिना चढली. कुठे लहान भांडं शोधत बसायचं म्हणून मोठा तांब्या नळाखाली धरला, काठोकाठ भरला, आणि निम्मा जिन्यात सांडत खाली आली. गाडी हळूच निघाली. तिने चाकांच्या मागे पाणी ओतलं.

“पाण्यासारखा जा, पाण्यासारखा ये, माझ्या राजा!”

“ताई, पुरे कर गं!” वरून हाजेर ओरडली. “त्याचा बर्फ होईल आणि उद्या पाव आणायला जाताना मीच त्यावर घसरेन!”

“घसर!” पेरीहान म्हणाली, आणि तांब्यात उरलेलं पाणीही तिने ओतून टाकलं.